आठ आणे म्हणजे किलोभर देठं

माझं नाव इंदू. गाव पाटणच्या वरल्या अंगाला, डोंगरात, आता नाव सांगून तुमाला काय कळनार ताई, यष्टी बी खालच्या फाट्यापत्तूरच यायची आन् म्होरं चालत. बापाला चार पोरी, त्यात म्या तिसरी. शाळा दुसरीपत्तूर. लगीन झालं तशी हितं तुर्भ्याला आले, आमचं मालक पाठीवर पोती वाहत्यात, त्येंच्या गावची समदी मानसं त्याच कामात. डोंगर खोदून खडी काढल्याली, त्येच्या कडंला आमची पत्र्याची खोली. तुमी मघाशी इचारलंत ना, गावाकडची आठवन काय येती म्हणून? सांगू का? हसू नगा. गावाकडं बाईमानसाला बसाया आडोसा व्हता, आन् तिथं कुनी टेबल टाकून पैसे मागत न्हवतं. हीच आठवन येती. दुसरी कुठली बी न्हाई.

म्हनाल, ही बाई सुरवातीलाच काय बोलाया लागली. बोलनार. लाज बाळगून लई बघितली, लाजंनं काय दिलं ते बी बघितलं. परवा शेजारच्या सोसायटीतली बाई मला म्हनती, अगं इंदू, आठ आण्याला आजकाल इचारतं कोन, भिकारी बी घेत न्हाई. माज्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हनता! म्हनलं बाई, तुमाला आठ आणे म्हंजे पर्सच्या तळाला पडल्यालं काय तरी. मला आठ आणे म्हंजे काय ते सांगू? किलोभर देठं. वाळल्या मिरचीची.

आता हे तुमाला उलगडून सांगाया पायजे. म्या मिरचीच्या गोदामात काम करती. शेठचं गोदाम हाय, ट्रकांचा अड्डा हाय ना, त्येच्या मागल्या बाजूला. तिथं लाल मिरचीची पोती उतरत्यात, आन् आमी बायका मांडी घालून बसायचं, एकेक मिरची घ्यायची, देठ खुडायचं, मिरची हिकडं, देठ तिकडं. किलोला आठ आणे. मिरची किती हलकी असती बघा, किलोत किती मावती, तेवढ्या समद्या एकेक करून हातात घ्यायच्या. हात चालला तर दिवसाला इस किलो, लई झालं तर पंचवीस. नाकाला पदर बांधायचा तरी शिंका आन् ठसका, डोळ्यांतनं पानी. बोटांना खोबरेल लावायचं तरी आग. घरी जाऊन लेकराच्या तोंडावरनं हात फिरवाया भ्याव वाटतं. रातीला भाकरी थापाया बसलं की तव्याच्या धगीनं बोटं पुन्यांदा पेटत्यात. हे काम.

आन् ह्या हातानं बाईमानसानं लघवीला जायचं कसं? तुमी सांगा. पुरुषाचं निराळं, आन् पुरुष हे काम करतच न्हाई. आमाला जायच्या आधी हात धुवाया लागत्यात, साबन लावून, दोनदा दोनदा, न्हायतर खाली आगीचा डोंब हुतो. आधी आमी भिंतीच्या मागं नाल्याकडं जायचो. तिथं पानी न्हाई. डबा भरून न्यायचा तर ट्रकवाली पोरं डबा बघूनच शिट्ट्या मारायची. एक बाई बसायची, दोघी लुगडं धरून हुभ्या ऱ्हायच्या. अशी वर्सं काढली.

मग अड्ड्यावर ते संडास-मुतारीचं बांधलं. लाद्या लावल्याले, दारं, कड्या, नळ, वर टाकी. कुना ठेकेदाराला दिलं चालवाया. खरं सांगती, पहिल्या दिवशी आमी बायका हसत गेलो तिथं. आतनं कडी लावली आन् म्या उगाच दोन मिंटं जास्त हुभी ऱ्हायली, म्हनलं कुनी बघत न्हाई, कुनी येत न्हाई, केवढं सुख. चार आणे घ्यायचा. चार तर चार, दिलं. म्होरल्या दिवाळीला आठ केलं. का केलं? तर म्हनं पान्याचं बिल वाढलं.

बरं, बाप्यांना किती? फुकट! टेबलावर एक मानूस बसवल्याला, आपल्याच लोकांतला, बीडकडचा. त्येला म्या इचारलं, का रं बाबा, बाप्ये मुतारीत जात्यात त्येंच्याकडनं काय घेत न्हाईस, आन् आमी बी तेवढ्यालाच जातूय की. तर तो काय म्हनाला? म्हनाला मावशे, मुतारी उघडी हाय, तुमच्या बाजूला दार हाय. दार लागलं की संडास. बाईमानूस आत काय करती ते आमी बघाया येतो का? दार लागलं की पैसे. हे त्येंचं गनित! म्हंजे देवानं बाईला दाराआड जायची गरज दिली, ती माझी चूक, तिचा दंड आठ आणे. त्येच्या बा चं दार!

मग आमी काय केलं, तर पानी पियाचं सोडलं. कुनी सांगितलं न्हाई, ठरवलं न्हाई, आपोआप झालं. सकाळी च्याचा घोट घेऊन यायचं, दुपारी भाकरीबरूबर ओठ वले करायचे, जेवून एकदा जायचं, एकच बार, आन् मग संध्याकाळी घरी. मिरचीनं घसा कोरडा पडल्याला, म्होरं माठ भरल्याला, आन् कुनी हात लावत न्हाई. दोनदा गेलं म्हंजे दोन किलो देठं गेली. मुकादम एकदा शेठला म्हनाला, बायका पानीच पीत न्हाईत, तर शेठ म्हनाला बरंय की, कामात खाडा न्हाई पडत. हसत म्हनाला. म्या ऐकलंय माज्या कानानं.

आता मंगलचं सांगती. मंगल म्हंजे माजी धाकटी जाऊ, दिराची बायकू. कोरेगावाकडची. आली तवा आठरा-एकोनीसची असंल, तोंडात जीभ हाय का न्हाई अशी गप. आक्का म्हनती मला. कुनी हाक मारली तर मान हालवनार, आन् काय हवं-नको इचारलं तर म्हननार काय नको. दीर ट्रकावर किलिंडर, महिन्यातनं चार दिस घरात. मंगल घरी बसून काय करनार, म्हनून म्याच तिला गोदामात नेली, माज्या शेजारी बसवली. आन् तिला दिस गेलं. पाचवा लागला तरी येत व्हती कामाला. बसून काम हाय, जड उचलायचं न्हाई, समद्याच बायका येत्यात.

त्याच सुमाराला मुकादमानं एक टूम काढली. शनवारी पगार वाटताना वरची चिल्लर समदी दहा-दहा पैशाची द्याया लागला. ती नक्षीच्या कडंची, पांढरी, फुकलं तर उडंल अशी. बाजारात ती चालंना झालेली, मिठाईवाला घेईना, भाजीवाली घेईना, मग कुठनं तरी त्येनं पोतं भरून आनली आन् आमच्या वट्यात वतली. आमी म्हनलं हे न्हाई चालत. तर म्हनतो, सरकारचा शिक्का हाय, घेनार न्हाई त्याला पोलिसात द्या. बघा म्हंजे आमाला देताना सरकार, आन् आमी दुसरीकडं द्याया गेलो की सरकार मेलं!

मंगलकडं ही दहा पैशाचीच नाणी. नोटा मालकिणीगत सासूनं ठेवून घेतल्याल्या, हिच्या वट्यात ही चिल्लर. ती पोटुशी, तिला बाकीच्या बायांपेक्षा जास्तच जावं लागनार, पाचवा म्हंजे पोटानं जागा दाबल्याली. ती गेली दुपारी, मुठीत पाच नाणी धरून. दहा पाचा पन्नास. हिशोबात एक पैसा कमी न्हाई. टेबलावरच्यानं नाणी बघितली आन् परत सरकवली. म्हनं ही चालत न्हाईत, आठ आण्याचा शिक्का आन. ही म्हनली, पन्नासच हायत. तो म्हनला, हायत गं, पन मालक घेत न्हाई माज्याकडनं, माज्या पगारातनं कापतो, हो बाजूला. मागं रांग. बायका बघाया लागल्या. पोरगी वळली आन् माघारी आली.

माज्या शेजारी येऊन बसली. म्या इचारलं, झालं का गं? तिनं मान हालवली. व्हय म्हनून. म्या कामाला लागले. माज्या कनवटीला आठ आण्याची नाणी व्हती ताई, आन् शेजारी पोरगी पोट आवळून बसली व्हती आन् मला एका शब्दानं बोलली न्हाई. आन् हे त्या दिवसाचंच न्हाई. दुसऱ्या दिवशी गेलीच न्हाई, तिसऱ्या दिवशी बी न्हाई. सकाळपासनं घोटभर पानी न्हाई, संध्याकाळी खोलीवर येईपत्तूर तशीच. हे मला मागनं कळलं, दवाखान्यात. तिथं म्हनली, आक्का, तुमाला कितीदा मागू, तुमी बी देठंच खुडता की.

चार-पाच दिवसांनी म्हनाया लागली, आक्का, आग हुतीया. कुठं ते सांगाया लाजली, पन कळलं. आन् आमी काय केलं म्हायती हाय? हसलो! समद्या हसल्या. म्हनल्या, हात नीट धुतला नसंल पोरीनं, मिरचीच्या हातानं गेली असंल, पहिल्या वर्साला व्हतंच ते, आमचं बी झालंय. आमच्यातली म्हातारी म्हनली सबजाचं पानी दे, ताक दे, खोबरेल लाव. आता दुसऱ्या कुठल्या धंद्यातली बाई असती आन् आग व्हती म्हनली असती तर तिला कुनी तरी डाक्तरकडं न्हेलं असतं. आमच्यात समद्यांची सारखी आगच हुतीया, हाताची, नाकाची, डोळ्याची, तवा कुनाच्या ध्यानात येनार की ही आग मिरचीची न्हवं. सबजा दिला. ताक दिलं. आठवडा गेला.

मग एक दिस, ऊन तापल्यालं, आन् ही बसल्या जागी थडथड उडाया लागली. दात वाजत्यात. हातातली मिरची गळून पडली. म्या तिच्या कपाळाला हात लावला तर तापल्याला तवा. कंबर धरून वाकडी झाली आन् म्हनली आक्का, पोटात कळ. रिक्शा केली, दोघी-तिघींनी धरून सरकारी दवाखान्यात न्हेली. रिक्शावाला म्हनला मीटर न्हाई, तीस रुपये. दिलं. तवा कुनी मोजलं न्हाई किती किलो ते.

पोर गेलं. त्याच रातीला गेलं. मुलगा व्हता. म्या बघितला, कापडात. बोटं झाल्याली त्येला, समदी, नखांसकट. मंगल वाचली, पन ती बी वाचती का न्हाई असं दोन दिस व्हतं.

डाक्तरीण तरणी व्हती, चांगली व्हती, पन माज्यावर वरडली. म्हनली लघवीत पू झालाय, वर मूत्रपिंडापत्तूर गेलाय, त्या तापानंच हे झालं. पानी का पीत न्हाई ही, लघवी तुंबवून का ठेवती, आठवडाभर आग हुतीया तर आनली का न्हाई? म्या म्हनलं डाक्तरीणबाई, आठ आणे लागत्यात. ती म्हनली, अहो मावशी, हितं औषध फुकट हाय, आठ आणे कुठले? औषध फुकट हाय आन् मुतायला पैसे. हे मला तवा सांगता आलं न्हाई, आता तुमाला सांगती.

घरी काय झालं तर सासू म्हनली पोरीचं नशीब. दीर आला, भिंतीला डोकं लावून बसला, परत ट्रकावर गेला. म्या आमच्या मालकास्नी सांगाया लागले असं असं झालंय म्हनून, तर ते म्हनालं, हे बघ इंदू, चारचौघांत मुतायच्या गोष्टी काढू नगंस, आपली बी काय अब्रू हाय. ताई, माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हनलं अब्रू? तुमी गाडीच्या चाकावर हुभं ऱ्हाऊन मोकळं हुता तवा अब्रू कुठं असती? ते जेवलं न्हाई त्या रातीला. न जेवू दे.

मंगल घरात पडून, आन् म्या कामाला गेले. जायाच लागनार, न्हाई तर चूल पेटत न्हाई. दुपारी त्या टेबलाम्होरं हुभी ऱ्हायले. तो म्हनला, मावशे, आठ आणे. म्या म्हनलं, माज्या जावेचं लेकरू गेलं तुज्या आठ आण्यापायी. तो बावरला, हे खरं, चेहरा पडला त्येचा. पन मग तोंडातनं काय काढलं? म्हनला, आठ आण्यानं कुनी मरतं का मावशे.

म्या टेबल उलथलं. दोन्ही हातांनी धरलं आन् उलथलं. नाणी समद्या लाद्यांवर, खणखण खणखण, गटारीत गेली, ट्रकाखाली गेली. तो नाणी वेचाया वाकला आन् म्या गोदामात जाऊन वरडले, उठा गं समद्या, मिरच्या टाका खाली. बायका उठल्या. खरंच उठल्या, मला बी वाटलं न्हवतं. म्या म्हनलं चला, मुतारी फुकट हाय न्हवं, मग मुतारीतच जाऊ. आन् गेलो. बाप्ये आत व्हते ते चेन लावत पळाले. आमी दारात लुगडी आडवी धरली, साबन घेतला, नळावर हात धुतले, निवांत, आन् पाळीपाळीनं एकेक बाई आत गेली. भाईर डायवर लोकांची ही गर्दी. कुनी हसतंय, कुनी शिव्या देतंय, एक म्हातारा डायवर तेवढा म्हनला, बरूबर हाय, करू द्या त्यांना. आमची म्हातारी तर आतनं वरडून म्हनती, घाई करू नगा रं पोरांनो, माज्याच्यानं लवकर बसवत न्हाई! हसू बी येत व्हतं आन् रडू बी येत व्हतं.

दोन तास कुनाला आत सोडलं न्हाई. शेठ आला. म्हनला बायांनो, मिरची पडून हाय, पानी जरा घरी जाऊन पीत जावा की. असं म्हनाला, तोंड वर करून. मग ठेकेदार आला गाडीतनं. अंगाला अत्तर. म्हनला मला काय म्हायती असलं काय झालं, वाईट झालं, पन फुकट कसं करू, पानी हाय, झाडनारा हाय. बरं, तुमच्या गोदामातल्या बायकांना चार आणे, आन् दहा पैशाची नाणी बी घेईल आमचा मानूस. झालं समाधान?

आन् झालं समाधान! आमच्याच बायका म्हनल्या, घे इंदू, अर्ध्यावर आलं, अर्धा किलो वाचला. म्या म्हनलं, अगं बाप्यांना फुकट, आपुन का द्यायचं चार बी? एक लेकरू गेलं त्येचे चार आणे कमी झाले व्हय गं? तर म्हनल्या, रोज कोन भांडत बसनार, हजेरी जाती. आन् मिरचीवर जाऊन बसल्या. त्येंच्यावर बी माजा राग हाय. अजून हाय. पन कुनाला बोलू, त्येंच्या घरात बी लेकरंच हायत.

मंगल दोन महिन्यांनी परत कामाला आली. आधीसारखीच गप. पन म्या बघितलं, आल्या आल्या माठाकडं गेली आन् गटागटा तांब्याभर पानी प्याली, हुभ्यानं. दुपारी म्या तिच्या हातात चार आणे ठेवाया गेले तर घेतले न्हाईत. उठली आन् चालाया लागली. माजा जीव टांगणीला, म्या मागनं गेले. ती टेबलाम्होरनं सरळ आत निघाली, हिकडं तिकडं न बघता. तो म्हनला, ओ ताई, चार आणे. ही थांबली. वळली. आवाज चढवला न्हाई, काय न्हाई. म्हनली, माजं दिऊन झालंय.

तो खाली बघाया लागला. ती आत गेली, कडी लावली. त्या दिवसापासनं तिला कुनी पैसे मागितले न्हाईत, मानूस बदलला टेबलावरचा, तरी नव्याला बी कुनी तरी सांगून गेलं असनार. बाकी आमी समद्या देतूय. म्या बी देती, रोज, शिव्या देत देती. तुमी लिवून घेताय तर हे बी लिवा, बदलून लिवू नगा.

मंगलला आता पुन्यांदा दिस गेल्यात. सातवा हाय. मिरचीवर यायची न्हाई म्हनून म्या दिराला बजावून सांगितलंय, दोघींच्या वाट्याचं म्या खुडीन. सुखरूप सुटू दे एवढीच देवाकडं भीक मागती. ती बघा दारात बसलीया, उन्हाला. ए मंगल, पानी पी गं.